सहा घरांचे उस्ताद

मला एकच प्रश्न वर्षातून दहा जण तरी विचारतात. "जाधव, तुम्ही अख्खी नोकरी पोलिसांच्या शस्त्रागारात काढली. आता एवढी हलकी, झकपक पिस्तुलं निघाली, तरी माणसं पणजोबाच्या काळातलं ते मोडून उघडायचं रिव्हॉल्वर कशाला कवटाळून बसतात?" विचारणारा बहुतेक नुकतंच लायसन हाती पडलेला असतो. नवं हत्यार कमरेला लावून, ते लोकांना दिसावं म्हणून शर्ट मुद्दाम आत खोचून फिरणारा. मी मनातल्या मनात त्याला एक शिवी हासडतो आणि मग उत्तर देतो. पण उत्तर माझं नाही. नांदेडच्या इतवाऱ्यात एका बोळात दुकान होतं, त्या दस्तगीर उस्तादांचं आहे. बाप-आजापासून त्यांच्या घरात बंदूक दुरुस्तीचं काम. निजामाच्या फौजेच्या बंदुका त्यांच्या आजानं नीट केलेल्या.

उंच, वाळका माणूस. पांढरा कुर्ता, पण पांढरा म्हणायचा तो फक्त पाठीकडून. समोरून तेलाचे डाग. अंगाला रॉकेल आणि अत्तर असा दोन्हींचा वास यायचा, आणि त्यात रॉकेल जास्त. डाव्या हाताची शेवटची दोन बोटं नव्हती. तरुणपणी कुणीतरी एक गावठी कट्टा "फक्त बघून सांगा" म्हणून आणून दिला होता. यांनी सांगायचं सोडून चाप ओढून पाहिला. नळी फाटली, बोटं गेली, आणि एक तुकडा गालात घुसला तो शेवटपर्यंत तिथंच होता. बोलता बोलता ते जिभेनं आतून तो तुकडा चाचपायचे. कट्टा घेऊन कुणी दुकानाची पायरी चढला की हातात असेल ते फेकून मारायचे. एकाला त्यांनी शिशाचं वजन फेकून मारलेलं मी स्वतः पाहिलंय. त्याच्या कपाळाला पाच टाके पडले. पडू देत, म्हणाले, कट्टा फुटला असता तर टाके घालायला कपाळ राहिलं असतं का?

दुकानात शिरताना त्यांचा एक नियम होता. हत्यार आधी उघडायचं, तोंड समोरच्या भिंतीकडे करायचं, आणि मगच सलाम. काडतूस ठेवायच्या जागेला ते घर म्हणायचे आणि काडतुसाला भाडेकरू. "घर उघड, भाडेकरू बाहेर काढ, मग बोल," एवढंच यायचं त्यांच्या तोंडून. नाव नाही, गाव नाही, कसं काय नाही. तालुक्याचा मोठा पुढारी असो की फौजदार, सगळ्यांना तेच.

आणि ती भिंत! भिंतीत तीन भोकं होती. प्रत्येक भोकाशेजारी खडूनं नाव लिहिलेलं. देवणीचे एक पाटील, उदगीरचे एक वकील आणि रेणापूरचा एक कंत्राटदार. रेणापूर माझं गाव, त्यामुळे ते नाव वाचताना मला जरा लाज वाटायची. तिघंही "खाली आहे हो उस्ताद" म्हणत दुकानात शिरले होते, आणि तिघांचंही पिस्तूल रिकामं नव्हतं. खडू पुसट झाला की उस्ताद पुन्हा गिरवायचे. देवणीच्या पाटलांचा मुलगा एकदा येऊन हात जोडून म्हणाला, "मामू, वडील वारले आता. नाव पुसा." उस्ताद म्हणाले, "हौ, वडील वारले बाबा. भोक न्हाई वारलं."

चौथी गोळी भिंतीत नव्हती.

ही गोष्ट त्यांनी मला ओळखीच्या सातव्या-आठव्या वर्षी सांगितली, तीसुद्धा हातातलं काम न थांबवता. त्यांचा धाकटा भाऊ युसुफ भिंतीला टेकून बसायचा. एका गिऱ्हाइकानं पिस्तूल आणलं, मॅगझिन काढून टेबलावर ठेवलं आणि म्हणाला, हे बघा, रिकामं. मॅगझिन रिकामं होतं ते खरं. पण एक गोळी आधीच वर नळीत चढून बसलेली, ती बाहेरून कुणाला दिसत नाही. त्यानं चाप ओढला. गोळी युसुफच्या गळ्यातून आरपार गेली. "लई रक्त असतं हवालदार माणसात," उस्ताद म्हणाले. "मी दोन्ही हातांनी दाबून धरलं. ह्या डाव्या हाताला दोन बोटं कमी, तिथून निघून राहिलं होतं. मला वाटलं बोटं असती तर राहिला असता." मग त्यांनी हातातला स्क्रू घट्ट केला आणि मला विचारलं, चहा घेणार का. मी घेतो म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

तर उत्तर हे असं आहे. जुन्या रिव्हॉल्वरची खिट्टी दाबा, मधोमध मोडा, सहा घरं डोळ्यांसमोर येतात. सहा भाडेकरू आहेत की नाहीत, आंधळ्यालाही बोटानं चाचपता येईल. कुठं लपून बसलेली सातवी गोळी नाही. विसरायला सुरक्षेचा खटका नाही. एक काडतूस सादळलेलं निघालं तर पुन्हा चाप ओढा, दुसरं घर पुढं येतं. धूळ जाऊ द्या, भुसा जाऊ द्या, ते चालतं. नेमबाजही जुन्या घडणीचीच बाजू घेतात. लातूरला सरावाला येणारी दोन-तीन मंडळी आहेत, स्पर्धेत उतरतात, पैसेवाली आहेत, हवं ते घेऊ शकतील. तरी त्यांच्या हातात शंभर वर्षांपूर्वीच्या घडणीचंच पिस्तूल असतं, लोखंडी, जड. का, तर जड असल्यानं हातात उसळत नाही, आणि चाप असा सुटतो की सुटला हे गोळी गेल्यावर कळतं. ज्यानं ते पहिल्यांदा घडवलं त्यानं माणसाचा पंजा नीट पाहिला होता, असं उस्ताद म्हणायचे. नंतरच्यांनी फक्त किंमत पाहिली.

आता डॉक्टरांची गोष्ट. लातूरचे सर्जन, नाव सांगत नाही, अजून प्रॅक्टिस चालू आहे. यांनी नवं कोरं पिस्तूल घेतलं आणि उस्तादांना दाखवायला आणलं. उस्तादांनी चिमटीत धरून पाहिलं आणि परत दिलं. "चांगलंय. दसऱ्याला पूजा करू नका त्याची."

कुणी ऐकतं का? आपल्याकडे खंडेनवमीला काय चालतं तुम्हाला माहीत आहे. कोयता, विळा, ट्रॅक्टर, शिलाई मशीन, सगळ्यांना हळदकुंकू. ज्याच्याकडे लायसन आहे तो हत्यारही पाटावर मांडतो. वर झेंडूच्या पाकळ्या, अक्षता, नारळाचं पाणी, आणि एखादी हौशी वहिनी तुपाचं बोटही लावते. दसरा झाला की पुढचे पंधरा दिवस उस्ताद शिव्या देत कुंकू काढत बसायचे. कुंकू तेलात भिजलं की त्याचा लगदा होतो आणि आतल्या स्प्रिंगांत जाऊन बसतो. एकदा एका बंदुकीच्या नळीतून त्यांनी अख्खी सुपारी काढली. "पूजा करा की," म्हणायचे, "म्यानाची करा, पेटीची करा. हत्याराच्या पोटात कायकू घालता परसाद?"

डॉक्टरांनी पूजा केली. झोकात केली. चार दिवसांनी सरावाला आले, दोन गोळ्या उडाल्या, तिसरी अडकली. मी तिथं होतो, उस्तादही त्या दिवशी नांदेडहून आलेले होते. डॉक्टरांनी पिस्तूल झटकलं, ठोकलं, आणि मग काय केलं असेल? तोंड स्वतःकडे फिरवून नळीत डोळा लावला. बोट चापावर! मी ओरडेपर्यंत उस्ताद पोचले होते. एका हातानं त्यांनी मनगट धरून वर उचललं आणि दुसऱ्या हातानं, तीन बोटांच्या, डॉक्टरांच्या अशी थोबाडीत ठेवून दिली की चष्मा पार मातीत गेला. त्याच झटक्यात गोळी सुटली ती आभाळात. डॉक्टर गाल धरून उभे. पायजम्याला ओल आलेली मला दिसली, मी दुसरीकडे पाहिलं. उस्तादांनी पिस्तूल उघडून माझ्याकडे दिलं, चष्मा शोधला, कुर्त्याला पुसला आणि डॉक्टरांच्या हातात ठेवला. "गाल दुखून राहिला का?" त्यांनी विचारलं. डॉक्टर हो म्हणाले. "मग डोकं हाय जागेवर." त्या डॉक्टरांनी महिन्याभरात एक जुनं रिव्हॉल्वर शोधून विकत घेतलं, आणि आजही तेच वापरतात.

असा हा माणूस. हत्यारांत जन्म गेला, पण हत्यार देताना त्याचा हात कचरायचा. माणूस रागात आलाय का, हे ओळखायची त्यांची एक रीत होती. काठोकाठ भरलेला चहाचा ग्लास पुढं करायचे आणि बघत राहायचे. चहा सांडला की उस्ताद मान हलवून म्हणायचे, "स्प्रिंग गेलीय याची. मागवावी लागंल. पंधरा दिवस." गेलेली बिलेली काही नसायची. पंधरा दिवसांनी माणूस यायचा तो निवळलेला असायचा, नाहीतर भांडण मिटलेलं. एका लेकानं बापावर राग धरून आणलेली बंदूक त्यांनी सव्वा वर्ष लटकवली. शेवटी बाप-लेक दोघं मिळून न्यायला आले. मला हे भारी वाटायचं. मी बायकोला सांगायचो, गावाकडं सांगायचो. किती खून वाचवले असतील या माणसानं नुसत्या थापा मारून!

माधवरावांच्या वेळी थाप चालली नाही.

माधवराव हदगाव तालुक्यातले शेतकरी. सोयाबीन, कापूस, बरी जमीन. आजापासून घरात चालत आलेलं रिव्हॉल्वर, तेच मोडून उघडायचं. त्यांच्या आजाचं उस्तादांच्या आजानं दुरुस्त केलेलं, म्हणून उस्ताद त्याला घरचंच लेकरू मानायचे. "तीन पिढ्यांत एकदा धोका दिला न्हाई यानं," असं म्हणत, ते दुकानात आलं की गिऱ्हाइकांना काढून दाखवायचे. ग्रामपंचायतीची निवडणूक लागली. निवडणूक लागली की लायसनची हत्यारं ठाण्यात नाहीतर लायसनदार दुकानात जमा करावी लागतात. माधवराव नेहमीप्रमाणे उस्तादांकडे ठेवून गेले. निवडणुकीत त्यांचं पॅनल पडलं, आणि निवडून आला तो दिगंबर, त्यांचाच चुलतभाऊ. दोघांत बांधाचं भांडण आधीपासूनचं. दिगंबरच्या पोरांनी मिरवणूक माधवरावांच्या दारात आणली, गुलाल घरात फेकला, आणि बाहेर आलेल्या माधवरावांना चारचौघांत कानाखाली मारलं.

पाचव्या दिवशी माधवराव हत्यार परत न्यायला आले. मी नुकताच निवृत्त झालो होतो, माझा मुक्काम रोज उस्तादांच्या बाकड्यावर. माणूस आला तोच वेगळा. डोळे तांबारलेले, दाढी वाढलेली, कानामागं गुलाल अजून तसाच. चहाचा ग्लास हातात घेतला आणि अर्धा मांडीवर सांडला. त्याला पत्ता नाही.

"स्प्रिंग गेलीय माधवराव," उस्ताद म्हणाले. "पंधरा दिवस."

माधवराव हसले. "मामू, ही थाप सगळ्या तालुक्याला माहीत हाय. ठेवताना चांगलं होतं, पावतीवर तसं लिवलंय तुमच्या हातानं. परत द्यायचं ठाण्याचं पत्र हे बघा. द्या."

"आज नक्को."

"मग ठाण्यात जाऊ का? मामू हत्यार दाबून ठेवतो म्हणून सांगू?"

उस्तादांनी माझ्याकडे पाहिलं. मी खांदे उडवले. पत्र खरं होतं. उस्ताद उठले आणि म्हणाले, "तेल तरी घालून देतो." आत मोरीजवळ त्यांचं कामाचं टेबल. बाकड्यावरून मला ते दिसायचं, माधवरावांना नाही. उस्तादांनी रिव्हॉल्वर उघडलं. चाप ओढला की मागून आपटणारा जो घोडा, त्याला पुढं एक चोच असते, तीच काडतुसाच्या बुडावर आपटून गोळी उडवते. उस्तादांनी कानस घेतली आणि त्या चोचीवर दोनदा फिरवली. दोनदाच. मग वरून गुळगुळीत दगड घासला, म्हणजे कानशीचे ओरखडे दिसू नयेत. तेलाचा थेंब टाकला. मान वर करून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी हसलो. खोटं कशाला सांगू, मला मोठी मजा वाटली. आता ओढ म्हणावं चाप, कर काय करायचं ते.

माधवराव हत्यार कमरेला लावून गेले. उस्ताद म्हणाले, महिन्याभरात निवळेल, मग नवीन चोच बसवून देतो, त्याला कळणारही नाही. आम्ही दोघांनी पुन्हा चहा मागवला.

चौथ्या दिवशी माधवरावांच्या रानात सोयाबीनची मळणी चालू होती. यंत्र चालवणारे जेवायला गेलेले. माधवराव आणि त्यांची बायको गयाबाई दोघंच. दिगंबरची दोन पोरं आणि त्यांच्याबरोबरची आणखी दोघं, बांधाच्या भांडणाचा हिशेब मिटवायला कुऱ्हाडी घेऊन बांधावरून आली. माधवरावांनी रिव्हॉल्वर काढलं आणि पुढच्या पोरावर रोखलं. पोरगं थबकलं म्हणे. मग माधवरावांनी चाप ओढला. खट. पुन्हा ओढला. खट. तिसऱ्यांदा ओढेपर्यंत पोरं हसायला लागली होती. पहिली कुऱ्हाड हत्यार धरलेल्या मनगटावर बसली. हात तुटून सोयाबीनच्या ढिगावर पडला, बोटं मुठीवर तशीच आवळलेली. नंतरचे घाव किती होते ते पंचनाम्यात आहेत, मला मोजायचे नाहीत. गयाबाईनं अंगावर पडून झाकायचा प्रयत्न केला, तिच्या खांद्यात एक घाव गेला. पोरं गेली तेव्हा माधवराव जिवंत होते. तालुक्याच्या दवाखान्याच्या वाटेवर ट्रॅक्टरमध्येच वारले.

बातमी घेऊन मीच दुकानात गेलो. उस्ताद कुणाची तरी बंदूक पुसत होते. मी सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, "वढला होता का चाप?" मी म्हणालो, बाई सांगते तीनदा. उस्तादांनी बंदूक अर्धी पुसलेली तशीच खाली ठेवली.

आरोपी चारही धरले गेले. हत्यार तपासणीला गेलं, अहवाल आला. चोच जुनी, वापरानं झिजलेली. झालं! कुणाला काही कळलं नाही, कळणारही नव्हतं. उलट सगळीकडे बोलणं सुरू झालं, बघा, जुन्या हत्याराचा भरवसा नाही. ऐन वेळेला दगा दिला. लोक जुनी रिव्हॉल्वरं विकायला काढायला लागले. दुकानात येऊन उस्तादांनाच सांगायचे, मामू, तुमचं ऐकलं असतं तर आमचाही माधवराव झाला असता. ज्या माणसानं आयुष्यभर एका घडणीची शपथ वाहिली, त्याच्या तोंडावर लोक त्या घडणीला शिव्या घालत होते, आणि तिची काही चूक नव्हती हे फक्त आम्हा दोघांना माहीत होतं.

मला काय वाटत होतं ते सांगतो. मला भीती वाटत होती. मी पाहिलं होतं आणि मी पोलीस होतो, निवृत्त असलो तरी. हे बाहेर आलं तर माझं काय? मी उस्तादांना रोज समजवायचो. अहवालात झिजली लिहिलंय, तर झिजली. देवाला डोळे आहेत, तुमची नियत वाईट नव्हती. उस्ताद ऐकून घ्यायचे आणि एकच बोलायचे, "त्या बाईला सांगाया पायजे." मी म्हणायचो, काय सांगणार? तिला अजून एक दुःख देणार? खरं तर मला तिचं दुःख नव्हतं पडलेलं.

संक्रांतीनंतर एक दिवस ते उठले, धुतलेला कुर्ता घातला आणि म्हणाले, "हवालदार, चल." मी गेलो. त्यांना एकट्याला सोडलं तर काय बोलतील याचा धाक होता म्हणून गेलो.

गयाबाई ओसरीवर तुरी पाखडत बसली होती. एका हातानंच. दुसरा खांद्यापासून उचलत नव्हता. तिनं आम्हाला बसायला टाकलं, पाणी दिलं. उस्ताद बसले नाहीत. उभ्यानंच त्यांनी सांगितलं, एका दमात. चोच मी घासली. कुणाचा खून होऊ नये म्हणून घासली. हत्यार चांगलं होतं. तुझा मालक माझ्यामुळं गेला.

मला वाटलं आता ही किंचाळेल, चप्पल काढेल, गाव गोळा करेल. मी दाराकडे सरकलो होतो. तिनं फक्त सूप खाली ठेवलं.

"तुमी घासली नसती तर त्यानी एक-दोघं लोळिवले असते," ती म्हणाली. "जेलात गेले असते. त्ये बी मला ठाव हाय."

"हौ," उस्ताद म्हणाले.

"पर मामू, तुमी न्हाई म्हणायचं होतं. तोंडावर. देत न्हाई म्हणायचं, जा कुठं जायचं तिथं." तिचा आवाज आता चढला. "ती पोरं बांधावर दिसली तवा मी म्हणले, पळा, तुरीत शिरा. पुरुसभर उंच तूर हाय, घावणार न्हाई तुमी. तर मला म्हणले, भितीस कशाला, कमरंला हाय की आपल्या. त्येच्यावर थांबले हो ते! कंबर रिकामी असती तर पळाले असते. लई चपळ होते पळाया. तुमी ते मोडून दिलं, अन् हाय म्हणून दिलं."

एवढं बोलून तिनं पदर तोंडात धरला आणि ती अशी रडायला लागली की शेजारच्या बाया धावत आल्या. उस्तादांनी माफी मागितली नाही. मला वाटतं, ती मागायची नसते हे त्यांना कळत होतं. ते मान खाली घालून तिचं रडणं संपेपर्यंत उभे राहिले, आणि मग निघाले.

हदगावला आलो. एसटी लागलेली होती. उस्तादांनी विचारलं, "ठाणं कोणतं, ते समोरचं ना?"

मी भडकलो. तुम्हाला वेड लागलंय का म्हणालो. लायसन जाईल, दुकानाला सील लागेल, या वयात आत बसाल, त्या चौघांचा वकील तुमचाच आधार घेईल. बाईनं तक्रार केली नाही, कुणी विचारलं नाही, मग ही कसली खाज? रस्त्यात उभा राहून मी त्यांच्यावर ओरडत होतो. लोक बघत होते. उस्तादांनी सगळं ऐकलं. मग माझ्या दंडावर हात ठेवला, तोच, तीन बोटांचा.

"तू गाडीत बस हवालदार," ते म्हणाले. "तुझी तब्येत बरी दिसत न्हाई."

माझी तब्येत ठणठणीत होती. त्यांना ते माहीत होतं आणि मलाही. मी गाडीत चढलो आणि खिडकीशी बसलो.

ठाण्याचा व्हरांडा तिथून सरळ दिसत होता. उस्तादांनी पायऱ्यांशी चपला काढल्या, कशाला कोण जाणे, आणि वर गेले. टेबलाशी बसलेल्या अंमलदारासमोर उभे राहून बोलायला लागले. अंमलदारानं आधी मान वर केली नाही, मग केली. उस्ताद उजवा हात हवेत धरून काहीतरी करून दाखवत होते. हात पुढं गेला, मागं आला, पुन्हा पुढं गेला, मागं आला. अंमलदार खुर्चीतून उठला आणि त्यानं काहीतरी विचारलं. तेव्हा उस्तादांनी वळून थेट माझ्या गाडीकडे पाहिलं. पाहिलं आणि मान नकारार्थी हलवली.

त्यानं काय विचारलं ते मला नंतर, जबाबाची नक्कल वाचली तेव्हा कळलं. दुकानात त्या वेळी आणखी कोण हजर होते? कोणी नाही. उस्तादांचं लायसन गेलं, दुकान बंद झालं, आणि खटला उभा राहायच्या आधीच ते गेले. माझं नाव कुठंच नाही. त्यांची मान हलली तेव्हा गाडी अजून सुरूही झाली नव्हती, दार उघडं होतं, आणि मी खिडकीशी बसून राहिलो.